गाडीच्या स्पीकरमधून शिट्टी ऐकू येतेय? ॲम्प बदलण्याआधी ‘अर्थिंग’ तपासा!

हौसेने नवा स्टिरिओ बसवला, डिकीत ॲम्प आणि सबवूफर आला. दुकानासमोर इंजिन बंद असताना गाणं झकास वाजलं. पैसे देऊन गाडी रस्त्याला लागली, ॲक्सिलरेटर दाबला आणि गाण्याच्या मागून एक बारीक आवाज सुरू झाला... कुंईंईं! इंजिनाचा जोर वाढला की शिट्टी चढते, सिग्नलला थांबलं की खाली येते.

मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं ॲम्प हलका आहे, कोणी म्हणतं केबल भारीतली टाक, कोणी सरळ फिल्टर विकतो. हजारो रुपये जातात आणि शिट्टी तिथेच राहते. कारण दोष बऱ्याचदा ॲम्पमध्ये नसतोच. तो असतो एका बोल्टखाली, आणि तो काढायला पाना आणि पॉलिश पेपर पुरतो.

आधी ही शिट्टी येते कुठून ते बघू.

गाडी चालू असताना वीज तयार करतो तो अल्टरनेटर. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि मुळात एसी वीज तयार करतो. गाडीला हवी असते डीसी. म्हणून अल्टरनेटरच्या आतच बसवलेले डायोड एसीची डीसी करतात. पण ही डीसी बॅटरीसारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतात. इंजिन जितकं जोरात फिरेल तितक्या या लाटा भराभर येतात. स्पीकरमधून ऐकू येणारी चढती शिट्टी म्हणजे याच लाटा.

या लाटा प्रत्येक गाडीत असतात. मग सगळ्यांच्या गाडीत शिट्टी का वाजत नाही?

इथे अर्थिंगचा संबंध येतो. गाडीची लोखंडी बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. त्यामुळे कुठल्याही उपकरणाची काळी वायर जवळच्या पत्र्याला लावली की काम होतं. कागदावर हा पत्रा सगळीकडे शून्य व्होल्टला असतो. प्रत्यक्षात हेडलाइट, पंखा, एसी यांचा करंट त्याच पत्र्यातून परत जात असतो आणि वाटेत सांधे, रंग, गंज लागतात. म्हणून डॅशबोर्डमागचं ‘शून्य’ आणि डिकीतलं ‘शून्य’ यांत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो.

आता स्टिरिओची अर्थ पुढे आणि ॲम्पची अर्थ मागे. दोघांना जोडणाऱ्या आरसीए केबलची बाहेरची जाळीही अर्थच. हायवे तुंबला की गाड्या सर्व्हिस रोडला उतरतात ना, तसंच होतं. पत्र्यातली वाट खराब असेल तर करंटचा थोडा भाग या नाजूक जाळीतून वाहतो आणि अल्टरनेटरच्या लाटा सोबत आणतो. स्टिरिओकडून येणारा सिग्नल मुळात एक-दोन व्होल्टचा, हळू गाण्यात तर त्याहून कितीतरी कमी. त्यात मिसळलेले मिलिव्होल्ट ॲम्प इमानदारीने मोठे करून ऐकवतो. यालाच ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायला कोणतंही यंत्र लागत नाही. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा आणि स्टिरिओ लावा. आवाज स्वच्छ आहे आणि इंजिन सुरू केल्यावरच शिट्टी येते, म्हणजे उगम अल्टरनेटर. आता व्हॉल्यूम कमी-जास्त करा. शिट्टीही त्याबरोबर कमी-जास्त झाली तर ती स्टिरिओत किंवा त्याच्याही आधी, म्हणजे मोबाइल किंवा ऑक्स वायरमधून शिरतेय. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी शिट्टी तशीच, तर ती पुढे केबलमध्ये किंवा ॲम्पमध्ये आहे.

मग सिस्टीम पूर्ण बंद करून ॲम्पमधल्या आरसीए पिना काढा आणि पुन्हा सुरू करा. (चालू सिस्टीममध्ये या पिना काढू नका. काही स्टिरिओंमध्ये त्यांच्या अर्थसाठी आत केसाएवढी फ्यूज असते, ती उडाली की नवीच शिट्टी मागे लागते.) पिना काढल्यावर शांतता झाली तर केबल किंवा स्टिरिओची बाजू तपासायची. शिट्टी तरीही वाजत असेल तर ॲम्पची पॉवर आणि अर्थ.

ज्यांच्याकडे ॲम्प नाही, फक्त कंपनीचा स्टिरिओ आहे, त्यांच्या बाबतीत गुन्हेगार बहुतेक वेळा मोबाइलचा चार्जर असतो. फोन एकीकडे चार्जरला आणि दुसरीकडे ऑक्सला लावला की तिथेही लूप तयार होतो. चार्जर काढून बघा. शिट्टी गेली तर ब्लूटूथ वापरा, किंवा ऑक्स वायरमध्ये ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ लावा. या डबीत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ते गाणं पुढे जाऊ देतात, पण दोन अर्थ जोडू देत नाहीत. हलक्या आयसोलेटरमध्ये बास थोडा मार खातो, हे मात्र गृहीत धरा.

फक्त एफएमवरच खरखर येत असेल तर प्रकरण वेगळं. स्वस्त डॅशकॅम आणि यूएसबी चार्जर हवेतून रेडिओ लहरी फेकतात. एकेक काढून बघितलं की चोर सापडतो. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या गतीने ‘टक टक’ येत असेल तर स्पार्क प्लग आणि त्याच्या वायरकडे बघा. हर्ट्झने रेडिओ लहरी पहिल्यांदा विजेच्या ठिणगीतूनच निर्माण केल्या होत्या. प्लगची प्रत्येक ठिणगी आजही तेच करते. म्हणून रेझिस्टर असलेले प्लग येतात, आणि त्यांच्या जागी साधे टाकले की रेडिओ लगेच कुरकुरतो.

पण ॲम्प असेल तर पहिली नजर अर्थच्या बोल्टवरच टाकायची. इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ॲम्पजवळचा जाड पत्रा निवडा आणि तिथला रंग पूर्ण खरवडून लोखंड चकचकीत करा. वायर शक्यतो ४५ सेंटीमीटरच्या आत आणि पॉवर वायरइतकीच जाड हवी. रिंग टर्मिनल आणि दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळा, वरून ग्रीस किंवा रंग लावा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यानंतर ‘अचानक’ आलेली शिट्टी बरेचदा याच जागी गंज धरल्यामुळे असते. सीट बेल्टच्या बोल्टला मात्र अर्थ लावू नका, तो तुमचा जीव धरून ठेवायला आहे.

पॉवर वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्या. एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. ॲम्पवरचं ‘गेन’ बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. ते पूर्ण पिरगळून ठेवलं की गाण्याआधी घरघरच मोठी होते. आणि हात घातलाच आहे तर बॅटरीपाशी पॉवर वायरला फ्यूज आहे ना, हेही बघा. फ्यूज नसलेली वायर पत्र्याला घासली तर शिट्टी नाही, आग लागते.

सगळं करूनही आवाज राहिला तर अल्टरनेटर तपासा. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि बॅटरीच्या दोन टोकांना लावा. साधारण ०.१ व्होल्टच्या आत आकडा ठीक, ०.५ च्या आसपास गेला तर डायोडवर संशय. (मीटर एकदम २५-३० दाखवत असेल तर घाबरू नका, काही स्वस्त मीटर डीसीलाच एसी समजतात. ते या कामाचे नाहीत.)

अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनात बॅटरीची वायर उपसून बघण्याची जुनी पद्धत काही गॅरेजमध्ये अजून दिसते. तसं कोणालाही करू देऊ नका. वायर सुटताच व्होल्टेज उसळतं आणि इंजिनाचा ईसीयू जळू शकतो.

डायोड गेला असेल तर कोणताही फिल्टर फार काळ उपयोगाचा नाही. असा अल्टरनेटर बॅटरी नीट चार्ज करत नाही आणि गाडी बंद असतानाही बॅटरी उतरवू शकतो. तो आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्या, शिट्टी त्यानंतर पुन्हा ऐका.