जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

आमच्या ग्रामसंघाचा जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा, तारीखही रोज चुकीची दाखवायचा. भंगारवाला किलोच्या भावानं न्यायला तयार होता. आम्ही देणारच होतो, तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "अगं, आपल्या सगळ्यांची आधार कार्डं, पासबुकं त्यातच आहेत ना?"

खरंच की! फाइल डिलीट केली तरी हार्डडिस्कवरून बऱ्याचदा परत काढता येते. मग आम्ही कामाच्या फाइल पेनड्राइव्हवर घेतल्या आणि मेकॅनिककडे गेलो. तारीख चुकायची ती आतल्या नाण्याएवढ्या सेलमुळे. संथपणा जुन्या हार्डडिस्कचा. तिच्या जागी एसएसडी बसवली. काढलेल्या डिस्कला समोर उभं राहून ड्रिलनं भोकं पाडून घेतली.

आता हिशेब आणि पत्रं टाइप करायला तो पुरतो. बँकेचं काम मात्र त्यावर करत नाही, कारण त्यात विंडोज १० आहे आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

राहिला टीव्हीसारखा जाडा मॉनिटर. तो बंदच पडलाय. त्याच्या काचेत शिसं असतं, फोडायचा नाही. भंगारात तांब्यासाठी वायरी जाळतात, आणि त्या धुरात बसणाऱ्या पुष्कळदा आपल्यासारख्याच बाया असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी झालेल्या ई-कचरा केंद्रालाच तो द्यायचा ठरलंय. एकट्या मॉनिटरसाठी गाडी परवडत नाही, म्हणून शेजारच्या गटांनाही विचारतोय. तुमच्याकडे असला तर पुढच्या बैठकीत सांगा.