चौकोन गेले कुठे? (लेखांक ९)

आज खरं तर कोलकात्याचे बंगाली निवेदक अजय बसू आणि पुष्पेन सरकार यांच्याकडे वळायचं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण बीबीसीचा रेडिओ निवेदक टेडी वेकलम याच्या आठ चौकोनांबद्दल, म्हणजे श्रोत्यांसाठी छापलेल्या मैदानाच्या नकाशावरच्या आठ क्रमांकित भागांबद्दल, एका वाचकाने विचारलेला प्रश्न मधेच सोडून पुढे जाववत नाही. नकाशा इतका सोयीचा होता, तर बीबीसीने काही वर्षांत तो मागे का पडू दिला? माझ्या मते नकाशा गेला, त्याचं काम मात्र निवेदकाच्या वाक्यात शिरलं. २२ जानेवारी १९२७ चा हायबरीवरचा आर्सेनल-शेफिल्ड युनायटेड सामना घ्या. श्रोत्याच्या हातात ‘रेडिओ टाइम्स’मध्ये छापलेलं मैदान, वेकलम खेळ सांगतोय आणि सहकारी मधूनमधून चौकोनाचा आकडा पुकारतोय. आकड्याने चेंडू कुठे आहे एवढं कळतं. तो कुठे निघालाय, आडवा कोण आलाय, पास घ्यायला मोकळा कोण आहे, यातलं काहीच कळत नाही. त्याच्या आदल्याच आठवड्यात, ट्विकनहॅमच्या रग्बी सामन्याला, वेकलमसमोर एका अंध माणसाला बसवलं होतं. बोलायचं ते त्याला उद्देशून. त्या माणसाला छापील नकाशाचा उपयोग शून्य. म्हणजे नकाशाला पर्याय अगदी सुरुवातीलाच सापडला होता.

कुणी म्हणेल, क्रिकेटच्या निवेदकाला कधी चौकोन लागले नाहीत, मग फुटबॉललाच त्यांचं एवढं कौतुक का? क्रिकेटमध्ये मैदानाचा कोपरान् कोपरा आधीच नाव घेऊन बसलाय. मराठी निवेदक बाळ ज. पंडितांनी रेडिओवर ‘कव्हर’ म्हटलं की मराठी घरातल्या पोरालाही दिशा कळायची, शिवाय दोन चेंडूंच्या मधे श्वास घ्यायला उसंत. फुटबॉलमध्ये उसंत नाही आणि बावीसही जण सतत जागा बदलतात. तिथे जागा क्षणोक्षणी सांगावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोकांच्या लक्षात राहतो तो आवाजातला आवेग, जागेचा तपशील नव्हे. आणि पुरावा म्हणून २२ जून १९८६ ची, आझ्टेका स्टेडियमवर मॅराडोनाने केलेल्या गोलची, अर्जेंटिनाच्या रेडिओवरचा निवेदक व्हिक्टर ह्यूगो मोरालेस याची आरोळी पुढे केली जाते. मॅराडोनाला ‘वैश्विक पतंग’ म्हणणारं, रडू आल्याबद्दल माफी मागणारं ते निवेदन. पण गोलच्या आधीचे दहा-अकरा सेकंद नीट ऐका. चेंडू मॅराडोनाकडे, अंगावर दोघं, उजवीकडून निघाला, तिसऱ्याला मागे टाकलं, आता बुरुचागाला देणार... आणि देत नाही. मोरालेसचा अंदाज चुकतो, पण त्या चुकलेल्या अंदाजामुळेच सहकारी बुरुचागा कुठेतरी मोकळा धावतोय हे श्रोत्याला दिसतं, आणि मॅराडोनाने पास नाकारला हेही. मग शब्द संपतात, नुसतं ‘ता-ता-ता’ उरतं. इथे जागेचं भान सुटलं, हे मला मान्य. मात्र तोवर श्रोता पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी येऊन ठेपलेला असतो. ‘ता-ता-ता’ म्हणजे काय चाललंय हे त्याला सांगावं लागत नाही. सुरुवातीपासून तेवढंच ऐकवलं असतं, तर ब्युनोस आयर्समधल्या माणसाला कुणीतरी ओरडतंय इतकंच समजलं असतं.

अर्जेंटिनाच्या रेडिओवर सामना सांगणारा वेगळा आणि खेळाची मीमांसा करणारा वेगळा, ही वाटणी मला म्हणूनच मोलाची वाटते: मोरालेसला मत द्यायला थांबावं लागत नव्हतं, त्याची नजर चेंडूवरून हलत नव्हती. मोहन बागान-ईस्ट बंगालच्या सामन्यात बंगाली निवेदकांनी हा भार कसा पेलला, ते पुढच्या वेळी नक्की.