पाटीवरच्या पेन्सिलीची धूळ

पाटीवर पहिले अक्षर गिरविणाऱ्या मुलाच्या हातातील दगडी पेन्सिल पुष्कळदा मध्य प्रदेशातील मंदसौर भागातून येत असे. तेथील थरांचा खडक विजेच्या करवतीने कापून तिच्या कांड्या पाडल्या जात. कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान असे तिचे कण विशेष घातक होत. कारण ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात. त्यांना गिळू पाहणाऱ्या रक्षक पेशी स्वतःच मरतात, त्या जागी कठीण तंतू वाढतात आणि फुप्फुस ताठर होत जाते. या विकारास सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेने या कामगारांची तपासणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५९३ कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांना हा विकार जडला होता.

असे रुग्ण सरकारी नोंदवहीत मात्र क्वचितच उतरतात. वास्तविक १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची खबर मुख्य निरीक्षकास देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले होते, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ते बंधन आहे. परंतु पडवीत चार माणसे करवत चालवितात ती जागा कायद्याच्या दृष्टीने कारखानाच नव्हे! विजेवर चालणाऱ्या जागी पूर्वी किमान १० कामगार लागत. संहितेने तो आकडा २० वर नेला. शिवाय रोग उघड होईपर्यंत पुष्कळांचे काम सुटून वर्षे लोटलेली असतात, आणि हजेरीपट तर कधी नव्हताच.

दवाखान्यात खोकला, रोडावलेले शरीर व क्ष-किरण चित्रातील डाग पाहून क्षयाचे निदान होते. ते सर्वस्वी चूक असते असेही नाही, कारण सिलिकाने जखडलेल्या फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज शिरतात. तथापि कागदावर केवळ क्षय लिहिला गेला की धूळ निर्दोष सुटते, भरपाईचा हक्क बुडतो, आणि शेजारचा कामगार त्याच धुळीत श्वास घेत राहतो. रोग्यास त्याचा व्यवसाय विचारावा, असे इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली लिहिले; गर्दीत तो प्रश्न अजूनही राहून जातो.

राजस्थानने २०१९ साली निराळी वाट काढली. तेथे कामगार स्वतः अर्ज करतो, वैद्यकीय मंडळ त्यास तपासते, आणि निदान झाल्यास ३ लाख रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. मालकाचे नाव सिद्ध करण्याची अट नव्हती. हजारो खाणकामगारांच्या आजाराला त्यामुळे प्रथमच त्याचे खरे नाव मिळाले.