रोबोटला कसं कळतं, किती जोरात धरायचं?

वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनचं पोतं इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं की किलोचा आकडा लगेच दिसतो. काट्याला वजन कळतं ते आतल्या लोड सेलमुळे. गंमत म्हणजे कारखान्यातला रोबोट काचेसारखा नाजूक पार्ट न फोडता हाताळतो, तेव्हा त्याच्या मनगटातही बऱ्याचदा हेच तंत्र असतं. कसं ते बघू.

ताकद आहे, स्पर्श नाही

साध्या रोबोटला फक्त जागा कळते. 'हात इथून तिथे ने, बोटं एवढी मिट' एवढंच त्याला सांगितलेलं असतं. पार्ट दोन मिलिमीटर सरकलेला असला तरी तो ठरलेल्या जागीच जाणार आणि तेवढाच दाबणार. लोखंडाचा तुकडा ते सहन करतो, पण मोबाईलची काच करत नाही.

आपल्या एका तळहातात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू असतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ रोलंड योहान्सन यांनी एक प्रयोग केला. इंजेक्शन देऊन बोटांची टोकं बधिर केली आणि आगकाडी पेटवायला सांगितली. डोळे ठीक, स्नायू ठीक, तरी काडी नीट धरता येईना! म्हणजे नाजूक कामात ताकदीपेक्षा स्पर्श महत्त्वाचा.

काट्यातलं तंत्र मनगटात

लोड सेलवर स्ट्रेन गेज चिकटवलेला असतो. हा म्हणजे नागमोडी आकाराची अगदी पातळ धातूची पट्टी. वजन पडलं की खालचा धातू किंचित वाकतो, पट्टी ताणली जाते, लांब आणि बारीक होते आणि तिच्यातून वीज जायला थोडा जास्त अडथळा होतो. हा बारीकसा फरक मोजला की जोर किती ते कळलं.

काटा फक्त खाली पडणारा जोर मोजतो. रोबोटच्या मनगटातला सेन्सर तिन्ही दिशांचा दाब आणि तिन्ही प्रकारचा पीळ, अशा सहा गोष्टी मोजतो.

दुसरी पद्धत आणखी सोपी. मिक्सरमध्ये वाटण दाट झालं की मोटर जड चालते आणि जास्त करंट ओढते. रोबोटच्या सांध्यातल्या मोटरचंही तसंच. हात कशाला तरी अडला की करंट वाढतो, आणि त्यावरून जोराचा अंदाज बांधता येतो. सेन्सरइतकी ही पद्धत अचूक नाही, पण वेगळा खर्च नाही.

अंड्याचा हिशेब

समजा, ५० ग्रॅमचं अंडं दोन बोटांनी दोन बाजूंनी धरायचंय. बोटांना रबर आहे आणि घर्षणाचा आकडा ०.५ आहे. मग प्रत्येक बोटाने निदान ५० ग्रॅम वजनाइतका दाब द्यायला हवा. तेवढ्याच वजनाचा तेलकट पार्ट असेल आणि घर्षण ०.१ वर आलं, तर तोच दाब २५० ग्रॅमवर जातो, म्हणजे पाचपट. हात झटक्यात वर उचलला तर त्याहूनही जास्त लागतो.

दाब कमी पडला तर वस्तू सुटते, जास्त झाला तर फुटते. म्हणून चांगला ग्रिपर आधी हळूच धरतो. वस्तू घसरतेय असं सेन्सरने सांगितलं की लागेल तेवढंच आवळतो.

अंधारात चार्जर लावता ना?

लाईट गेलीय आणि मोबाईलला चार्जर लावायचाय. तुम्ही पिन टेकवता, थोडी इकडेतिकडे हलवता, भोक सापडलं की आत ढकलता. भोकात पिन किंवा बेअरिंग बसवणारा रोबोट अगदी हेच करतो. पार्ट हलकेच टेकवून जिलेबीसारखा गोल गोल फिरवतो. विरोध अचानक कमी झाला की भोक सापडलं! विरोध मर्यादेबाहेर गेला तर तो थांबतो.

बोटं नसली तरी चालतं

पातळ काच उचलायला बहुतेक वेळा रबरी सक्शन कप वापरतात. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. ४ चौरस सेंटिमीटरच्या कपातली निम्मी हवा काढली, तरी जवळपास २ किलोचा जोर मिळतो, आणि तोही पसरून, एका जागी न टोचता. कप कुठे गळत असेल तर दाबाचा सेन्सर लगेच सांगतो.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तर फुग्यात कॉफीची पूड भरून ग्रिपर बनवला. फुगा वस्तूवर दाबला की तिचा आकार घेतो, हवा काढली की पूड घट्ट होते आणि वस्तू पकडली जाते.

आपल्या महाराष्ट्रात

पुण्याजवळ चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१० पासून डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीचे कोबॉट काम करतायत. कोबॉट म्हणजे माणसाच्या शेजारी काम करू शकणारा रोबोट. हात माणसाला लागला, जोर मर्यादेबाहेर गेला, की तो थांबतो. वर सांगितलेली मोटरच्या करंटची युक्ती इथे माणसाला जपते. याच कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या ई-सिरीजमध्ये जोर मोजणारा सेन्सर मनगटातच बसवलाय. टाटा समूहातल्या टाल कंपनीनेही 'ब्राबो' नावाचा देशी रोबोट बनवला होता, छोट्या कारखान्यांना परवडावा म्हणून.

मग आपल्या नोकरीचं काय?

स्पष्टच बोलू. दिवसभर तोच बोल्ट आवळायचा, तोच पार्ट उचलून ठेवायचा, अशी कामं कमी होणार. रिसोड, मंगरुळपीर, कारंज्याहून पुण्याला कामाला जाणाऱ्या पोरापोरींनी हे धरूनच चालावं. पण रोबोटला 'किती दाबायचं' हे कुणीतरी माणूसच शिकवतो. रबर झिजलं, पार्टला तेल लागलं, कप गळायला लागला, तर कारण शोधायलाही माणूसच लागतो. हाताला कामाची सवय असलेला आणि सेन्सरचा आकडा वाचता येणारा, असा माणूस.

सुरुवात घरीच करता येईल. लोड सेल, एचएक्स७११ मॉड्यूल आणि आर्डुइनो बोर्ड घ्या आणि स्वतःचा वजनकाटा बनवा. मग बोटाने लोड सेल हळूच दाबून बघा, स्क्रीनवर आकडा किती बदलतो ते. युनिव्हर्सल रोबोट्सचा ऑनलाइन प्राथमिक कोर्सही फुकट आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करत असाल तर दोन्ही करून बघाच. चाकणच्या गेटवर 'काय येतं?' असं विचारलं, तर सांगायला काहीतरी असेल.