अर्धं मिनिट मागे

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या, की आमच्या जुन्नरच्या घरात आईचं फर्मान सुटतं, ‘तिला फोन लाव.’ ती म्हणजे माझी धाकटी बहीण. राहते कॅनडात, टोरांटोला. तिच्याकडे तेव्हा आदल्या दिवशीची रात्र असते. आई नव्वदीला टेकलेली. डोळ्यांनी साथ सोडली आहे, कान मात्र शाबूत आहेत. इथे उशाशी ट्रान्झिस्टर, तिथे स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर इंटरनेटवरून तेच केंद्र, आणि मध्ये फोन. मायलेकी मिळून बातम्या ऐकतात, अशी आमची समजूत होती.

गेल्या पावसाळ्यात या सुखात मिठाचा खडा पडला. आई विचारायची, ‘धरणाचं काय म्हणाला, ऐकलंस?’ पलीकडून ‘हो हो’ यायचं. मग आई पुढच्या बातमीवर गेली, की मागून बहिणीचा आवाज, ‘अगं बाई, एवढं पाणी!’ असं चार-पाचदा झालं आणि आईने मनात धरलं. ‘तिचं लक्ष नसतं रे. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणते.’ दोन दिवस तिने फोनच लावू दिला नाही.

मी घड्याळ लावून पाहिलं. स्पीकर ट्रान्झिस्टरच्या सुमारे अर्धं मिनिट मागे होता. आईला म्हटलं, ‘अगं, ती किती लांब आहे, उशीर होणारच.’ त्यावर आई म्हणाली, ‘मग फोनवर तिचा आवाज लगेच कसा येतो?’

बँकेत जन्म गेला, पण इतका नेमका प्रश्न मला कुठल्या ऑडिटरनेही विचारला नव्हता.

अंतराचा हिशेब मला तसा नवा नाही. आमच्याच तालुक्यात आर्वीला 1971 साली विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. ती अवाढव्य तबकडी बघायला आम्ही शाळकरी पोरं नारायणगावाकडून सायकली हाणत गेलो होतो. तिथून आवाज 36 हजार किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जायचा आणि तितकाच खाली यायचा. रेडिओलहर सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावते, म्हणजे एका फेरीला पाव सेकंद. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. परदेशी फोनवर दोघं एकदम बोलायचे आणि एकदम गप्प व्हायचे, ते यामुळे. आता बहुतेक संभाषणं समुद्राखालच्या तारांमधून जातात, तिथे त्याहूनही कमी वेळ लागतो. तेव्हा अर्ध्या मिनिटाचं पाप अंतराच्या माथी मारता येत नाही.

ट्रान्झिस्टरचं तर विचारूच नका. पुण्याहून निघालेली लहर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही एक तृतीयांशात जुन्नरला पोचते. आईच्या उशापासून ओसरीवर माझ्या कानापर्यंत आवाज यायला त्याच्या शंभरपट वेळ लागतो, कारण हवेतून आवाज सेकंदाला जेमतेम 340 मीटर चालतो. पुणं आम्हाला ओसरीपेक्षा जवळ आहे!

मग उशीर होतो कुठे? साठवणुकीत. इंटरनेटवर आवाज सलग वाहत नाही. आधी त्याचे आकडे होतात, ते दाबून लहान करतात, मग बऱ्याच ठिकाणी त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. सहा सेकंदांचा तुकडा करायचा तर सहा सेकंद बोलून व्हावे लागतात, तोवर तो निघतच नाही. पुढे तो वाटप करणाऱ्या संगणकांवर जाऊन बसतो. आणि ऐकणारा स्पीकर असे दोन-तीन तुकडे हाताशी जमल्याशिवाय तोंड उघडत नाही.

हे मला लगेच पटलं, कारण मी आंबेगावच्या डोंगराकडच्या शाखेत काम केलं आहे. पावसात रस्ता कधी बंद होईल सांगता येत नसे. म्हणून तिजोरीत रोकड जरा जास्त ठेवायची. ती नुसती पडून राही, वरून विचारणा होई, पण गाडी आली नाही तरी खिडकीवरचा माणूस रिकाम्या हाताने परत जात नसे. स्पीकर तेच करतो. रस्ता अडला तर हाताशी असलेला आवाज वाजवत राहतो. साठा संपलाच तर थांबतो, आणि बरेचदा पुन्हा सुरू होताना आणखी मागे पडतो. एकाच घरातले दोन स्पीकरही म्हणून एकसुरात बोलत नाहीत.

फोनला हा चैन परवडत नाही. संभाषणात थांबायला कोण तयार असतं? एखादा शब्द वाटेत हरवला तर फोन तो सोडून देतो. रेडिओचा स्पीकर हरवलेला तुकडा परत मागवतो.

उपाय सुचला तो खोडदच्या महादुर्बिणीवरून. तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. आकाशातून आलेला एकच संदेश सगळ्यांकडून मध्यवर्ती ठिकाणी एकाच वेळी पोचत नाही. मग जो आधी येतो त्याला मुद्दाम थांबवून ठेवतात, आणि मागचे आले की सगळे जुळवून घेतात. म्हटलं, आईलाच थांबवू. तिच्या उशाशी मोबाइलवर तेच केंद्र लावलं. तोही बहिणीच्या स्पीकरशी जुळेना, कधी दहा सेकंद पुढे, कधी मागे. शिवाय निवेदकाने सांगितलेली वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी बसेना. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘हा शिळा रेडिओ उचल आधी.’

शेवटी बहिणीला तिचा स्पीकर बंद करायला सांगितला आणि फोन आईच्या ट्रान्झिस्टरला टेकवून ठेवला. आता पुण्याहून येईल ते दोघींच्या कानी जवळपास एकदमच पडतं. बातम्या स्वच्छ ऐकू जातात. भक्तिगीत लागलं की मात्र फोन पेटीच्या सुरांना गोंगाट समजून मध्येच गिळतो, आणि बहीण ओरडते, ‘आई, गाणं गेलं!’ मग गेलेली ओळ आई स्वतः म्हणून दाखवते. तिचा सूर आता लागत नाही. पण परवा मी ट्रान्झिस्टर जरा सरकवून पाहत होतो, तेव्हा बहीणच म्हणाली, ‘दादा, राहू दे तसंच.’