ओढेल, पण पेलेल का? पिकअप ट्रक आणि फिफ्थ व्हील ट्रेलरचं गणित

आजचा विषय थोडा हटके आहे. डॅलसला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा, म्हणजे दादाचा, गेल्या महिन्यात फोन आला. "अरे, फिफ्थ व्हील ट्रेलर बुक केला! ५०० डॉलर डिपॉझिट भरलं. वहिनी आणि मुलांना घेऊन कोलोरॅडोला जायचं." मी अभिनंदन करायच्या ऐवजी म्हणालो, "आधी ट्रकच्या ड्रायव्हर साइडचं दार उघड आणि आतल्या स्टिकरचा फोटो पाठव." दादा वैतागला. पण तो फोटोच आजच्या एपिसोडचा हिरो आहे.

आधी फिफ्थ व्हील म्हणजे काय ते बघू. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या हुकाला जोडतात. फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग उंच असतो आणि त्याची किंगपिन थेट ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचमध्ये अडकते, मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळपास वर. त्यामुळे ट्रेलर कमी डोलतो. पण याची किंमत असते: ट्रेलरच्या वजनाचा मोठा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो. साध्या ट्रेलरमध्ये हा हिस्सा साधारण १० ते १५ टक्के असतो, फिफ्थ व्हीलमध्ये १५ ते २५ टक्के. याला पिन वेट म्हणतात. हिशेबाला २० टक्के धरा.

दादाचा ट्रक 'हाफ टन' वर्गातला. माहितीपत्रकात ओढायची क्षमता ११,००० पाउंड. ट्रेलरचं जास्तीत जास्त परवानगी असलेलं वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, १०,००० पाउंड. सेल्समन म्हणाला, "आरामात ओढेल." खोटं नाही बोलला तो. पण ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं!

दारावरच्या स्टिकरवर लिहिलं होतं: प्रवासी आणि सामान मिळून १,६२० पाउंडांपेक्षा जास्त नको. म्हणजे साधारण ७३५ किलो. यात ड्रायव्हरसुद्धा धरायचा बरं का. आता बेरीज करू:

पिन वेट, १०,०००चे २० टक्के: २,०००
हौद्यातलं हिच: १५०
चौघांचं कुटुंब: ४५०
कूलर, हत्यारं वगैरे: १००
एकूण: २,७००

१,०८० पाउंड जास्त! गंमत बघा, एकटं पिन वेटच मर्यादेच्या बाहेर गेलं. कुटुंब अजून ट्रकमध्ये बसलेलंही नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगतो. सिस्टीम तिच्या सगळ्यात कमजोर सर्व्हरइतकीच मजबूत. इथेही पाच मर्यादा एकाच वेळी पाळायच्या: ओढायची क्षमता, पेलोड, मागच्या अ‍ॅक्सलची क्षमता, टायरची क्षमता आणि ट्रक-ट्रेलर मिळून एकूण वजन. चार पास आणि एक फेल म्हणजे बिल्ड फेल.

मग ११,०००चा आकडा येतो कुठून? अमेरिकेत बहुतेक कंपन्या एसएई जे २८०७ नावाच्या पद्धतीनं ट्रक तपासतात. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा चढ असतो. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये १५० पाउंडांची दोनच माणसं धरतात. तुमची दोन मुलं, कूलर आणि सायकली त्यात नाहीत.

दादानं दोन शंका काढल्या. पहिली: "ट्रेलर रिकामा ७,५०० पाउंडच आहे की." रिकामा कोण नेतो? ५० गॅलन पाणी भरलं की तेच ४१७ पाउंड होतं. म्हणून हिशेब जीव्हीडब्ल्यूआरवरच करायचा. दुसरी: "मागे एअर बॅग लावतो." एअर बॅगनं ट्रकची वाकलेली कंबर सरळ दिसते, पण अ‍ॅक्सल, टायर आणि ब्रेक तेच राहतात. जास्त वजनानं टायर तापून फुटू शकतो, थांबायला अंतर जास्त लागतं. आणि डोंगराच्या उतारावर हे कळून उपयोग नसतो.

दादा तीन दिवस माझ्याशी बोललाच नाही. चौथ्या दिवशी वहिनींचा मेसेज आला: "तो कॅलक्युलेटर घेऊन बसलाय."

शेवटी त्यानं ५,५०० पाउंडांचा साधा ट्रेलर निवडला. १५ टक्क्यांनी ८२५, वजन वाटणारं हिच १००, माणसं-सामान ५५०. एकूण १,४७५. बसलं! डिपॉझिटचे ५०० डॉलर मात्र गेले. फिफ्थ व्हीलच हवा असता तर 'वन टन' वर्गातला ट्रक बघावा लागला असता, आणि त्याच्याही दारावरचं स्टिकर वाचूनच.

निघण्याआधी एक शेवटची टेस्ट: हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. सगळं सामान भरून, सगळ्यांना बसवून त्यावर उभं राहायचं. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर, तिन्हींची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. कागदावरचं गणित खरं ठरलं का ते तिथे कळतं.

दादानं ती पावती मला पाठवली. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं: "निघालो रे."

तुमच्या ओळखीत कुणी ट्रेलर घेत असेल, तर त्याला आधी दाराचा फोटो मागा. चला, भेटू पुढच्या भागात!