तुटलेला पाटा काय सांगतो

भिंगारला पाथर्डी रस्त्यावरच्या एका गॅरेजात उसाचा ट्रक जॅकवर चढवलेला होता. मागच्या स्प्रिंगचा मेन पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून गेलेला, सरळ दोन तुकडे. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा सांगत होता, "खड्डासुद्धा नव्हता हो, सपाट रस्त्यावर कडकन गेला." मिस्त्रींनी तुकडा उन्हात फिरवून पाहिला. म्हणाले, "आज नाही गेला दादा. महिनाभर जातच होता."

तुकड्याची तुटलेली बाजू मीही निरखून पाहिली. भोकाच्या कडेला लागून काळपट, गंजाळलेला, गुळगुळीत भाग. त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा. पुढचा भाग मात्र खडबडीत आणि चकचकीत. रेघांच्या भागात चीर रोज थोडी थोडी सरकत होती. चकचकीत भाग त्या दिवशी एका दमात गेला. ज्या भाराने पोलाद एका झटक्यात मोडणार नाही, त्याहून हलक्या भारानेही ते लाखो वेळा वाकवलं की मोडतं. प्रशियातल्या ऑगस्ट व्होलर या रेल्वे इंजिनिअरने 1850-60 च्या दशकांत डब्यांच्या अ‍ॅक्सलवर प्रयोग करून हे दाखवून दिलं.

ट्रकला खड्डे, तशा समुद्रातल्या नळाला लाटा. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर तेल-वायू चढवणारे पोलादी नळ, म्हणजे रायझर, प्लॅटफॉर्मच्या पायांना क्लॅम्पने बांधलेले असतात. सात सेकंदाला एक लाट धरली, तर वर्षाला सुमारे 45 लाख हेलकावे होतात. नळावर शिंपले-शेवाळ चढलं की त्याची जाडी वाढते आणि लाटेचा मार जास्त बसतो. खोल समुद्रात नळ जहाजावरून कमानीसारखा लोंबतो आणि तळाला जिथे टेकतो तिथे सगळ्यात जास्त वाकतो. जिथे फुटला तर सर्वाधिक हानी होईल, अशा रायझरचं आयुष्य नॉर्वेच्या डीएनव्ही मानकात दहापट धरायला सांगतात: 20 वर्षं वापरायचा तर हिशेब 200 वर्षांचा.

आमचे मिस्त्री असा हिशेब कागदावर मांडत नाहीत, पण त्यांचे प्रश्न तेच असतात. माल किती टन भरता? रस्ता कुठला? पाटे कधी बदलले? वेल्डिंगच्या जोडावर ताण दुप्पट झाला तर आयुष्य साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. निम्मं होईल हा आपला अंदाज साफ चुकतो. ओव्हरलोडच्या एका खेपेत किती सुटले हे मालक मोजतो. पाट्याचं किती आयुष्य गेलं हे कोणी मोजत नाही.

मग त्यांनी दुसऱ्या बाजूचा पाटा काढला, घासून साफ केला, त्यावर रॉकेल फिरवलं, कोरडा पुसला आणि खडू चोळला. थोड्या वेळाने भोकाजवळ पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं. समुद्रात पाणबुडे हेच काम चुंबक आणि लोखंडी भुकटीने करतात.

ड्रायव्हरने विचारलं, "वेल्डिंग मारून नाही का चालणार?" मिस्त्रींनी मानेनेच नकार दिला. पाट्याचं पाणी त्या आचेने उतरतं आणि नवी चीर टाक्याच्या कडेलाच धरते. 27 मार्च 1980 ला उत्तर समुद्रात अलेक्झांडर कीलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला, 123 माणसं गेली. सुरुवात झाली ती एका आडव्या नळीवर उपकरणाचा आधार जोडणाऱ्या 6 मिलीमीटरच्या वेल्डिंगपासून.

गाळप सुरू व्हायच्या आधी गाडी एक दिवस उभी करा. पाटे अ‍ॅक्सलला आवळणारा यू बोल्ट सोडल्याशिवाय सेंटर बोल्टची जागा दिसत नाही, म्हणून तो सोडून बघायला लावा. पाटे परत बसवल्यावर पहिल्या काही खेपांनंतर यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या. ढिल्या यू बोल्टनेच बहुतेक पाटे भोकातून जातात.